दुखतं तेव्हा शरीरात नक्की काय चालतं?

शर्वरी_क (धागाकर्ती)

पायाचं बोट टेबलाच्या पायाला जोरात आपटलं की दुखणं दोनदा येतं. आधी एक टोकदार कळ. मग पळभर काहीच नाही. आणि मग ती ठणकणारी, जळजळणारी, पसरत जाणारी वेदना, जी बराच वेळ हटत नाही. हा भास नाही. दुखापतीचा संदेश नेणारे तंतू दोन जातींचे असतात. ए-डेल्टा तंतूंवर मायलिनचं पातळ आवरण असतं, त्यामुळे त्यांच्यातून संदेश सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने धावतो. सी तंतूंवर ते आवरणच नसतं. त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. बोटापासून मज्जारज्जूपर्यंत मीटरभर अंतर धरलं, तर पहिला संदेश डोळ्याचं पातं लवेपर्यंत पोहोचलेला असतो आणि दुसरा एखाददीड सेकंद मागून येतो.

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. दरवर्षी या विषयावर आलं की वर्गात एकदम जाग येते, कारण दुखणं प्रत्येकाच्या ओळखीचं असतं. म्हणून हा धागा.

या तंतूंची टोकं त्वचेत, स्नायूंत, सांध्यांत, आतड्यांत पसरलेली असतात. ती उष्णता, दाब, आम्ल कशी ओळखतात हे बराच काळ कोडंच होतं. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मिरचीतल्या कॅप्सायसिनला प्रतिसाद देणारा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं संदेश टिपणारं प्रथिन, शोधला. त्याचं नाव टीआरपीव्ही१. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर तापमान गेलं की तोच रिसेप्टर उघडतो. म्हणजे मिरचीने आणि चटक्याने जळजळ होते ती एकाच दरवाजातून, मेंदूला दोन्ही सारखेच 'भाजलं' म्हणून कळतात. पक्ष्यांचा हा रिसेप्टर कॅप्सायसिनला दाद देत नाही, म्हणून ते मिरच्या निवांत खातात आणि बिया दूर नेऊन टाकतात. पुढे २००२ मध्ये थंडी आणि मेंथॉल ओळखणारा टीआरपीएम८ सापडला, आणि २०१० मध्ये आर्डेम पॅटापूटियन यांच्या गटाने दाब ओळखणारी पिएझो प्रथिनं शोधली. ज्युलियस आणि पॅटापूटियन यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण मला खरं बोलायचंय ते याच्या पुढच्या भागाबद्दल. या टोकांतून निघतो तो धोक्याचा संदेश. त्याचं दुखणं होतं ते मज्जारज्जू आणि मेंदूत, आणि वाटेत तो वाढवला जातो, कमी केला जातो, कधी पुरता थोपवलाही जातो. सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने आगीजवळ पाय नेलेल्या माणसाचं चित्र दिलं होतं: पायापासून मेंदूपर्यंत एक धागा, इकडे दोरी ओढली की तिकडे घंटा वाजते तसा. तीनशे वर्षं वैद्यकावर या चित्राचा पगडा राहिला. जितकी जखम तितकं दुखणं, आणि जखम दिसत नसेल तर दुखणंही नसणार, हा समज तिथूनच आलाय, आणि त्याने असंख्य रुग्णांचं नुकसान केलंय.

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम केलेले भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी गंभीर जखमी सैनिकांना विचारून नोंदी ठेवल्या. शुद्धीवर असलेल्या, बोलू शकणाऱ्या या माणसांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी वेदनाशामक नको म्हणून सांगितलं. त्यांच्या जखमा खऱ्याच होत्या. पण त्यांच्यासाठी ती जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका होती.

प्रश्न विचारा, अनुभव लिहा. कुणी या क्षेत्रातलं असेल तर भर घाला.

---

पाणकणीस

वाचनखूण साठवली. दोन कळांचं कारण आज कळलं.

एक प्रश्न: लागल्यावर आपण ती जागा चोळतो आणि खरंच बरं वाटतं. ते का? लहान मूल पडलं तरी आपला हात आपोआप तिथे जातो.

---

शर्वरी_क

@पाणकणीस, याचं उत्तर १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं. त्याला गेट कंट्रोल सिद्धांत म्हणतात. स्पर्शाचे संदेश नेणारे ए-बीटा तंतू जाड आणि वेगवान असतात. ते मज्जारज्जूच्या मागच्या शिंगात (पाठीकडच्या भागात) जिथे पोहोचतात, तिथेच दुखापतीचे तंतूही येतात. तिथल्या छोट्या मधल्या पेशी स्पर्शाच्या संदेशाने जाग्या होतात आणि दुखापतीचा संदेश वर जाण्याआधीच दाबतात. टेन्स नावाचं यंत्र, जे त्वचेवर सौम्य वीज देतं, ते याच विचारातून आलं.

त्यांनी काढलेल्या आकृतीतल्या जोडण्या पुढे जशाच्या तशा टिकल्या नाहीत. पण दुखण्याचा संदेश मज्जारज्जूतच अडवता येतो, आणि मेंदूही वरून हे दार कमीजास्त उघडू शकतो, हा गाभा टिकला. १९६९ मध्ये रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मध्यमेंदूतल्या एका भागाला सौम्य वीज दिली आणि त्या अवस्थेत, भूल न देता, त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. उंदरांनी वेदनेची चिन्हं दाखवली नाहीत. मेंदूतून खाली येणारी वेदना थोपवणारी वाट असते, याचा इतका ठळक पुरावा आधी नव्हता.

---

भिंगरी

लेख आवडला, पण मनात एक खटकतंय. 'दुखणं मेंदूत होतं' म्हटलं की ऐकणारा त्याचा अर्थ 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' असा घेतो. माझ्या काकूंची कंबर कित्येक वर्षं दुखतेय. रिपोर्ट नॉर्मल आले की डॉक्टर खांदे उडवतात आणि घरातले एकमेकांकडे बघतात. तुमचं हे वाक्य त्यांच्या हातात आयतं कोलीत देईल.

---

शर्वरी_क

@भिंगरी, तुमची काळजी रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

१९७५ मध्ये ॲबर्डीनला ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एन्केफॅलिन ही द्रव्यं वेगळी केली. अफूतलं मॉर्फिन ज्या रिसेप्टरवर बसतं, त्याच रिसेप्टरवर बसणारी, पण शरीराने स्वतः बनवलेली. मग १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक सुंदर प्रयोग केला. नुसत्या प्लासिबोने, म्हणजे आत औषधच नसलेल्या बनावट डोसने, ज्यांचं दुखणं कमी झालं होतं, त्यांना नॅलोक्झोन दिलं. हे औषध अफूवर्गाचे रिसेप्टर अडवतं, बाकी वेदनेशी त्याचं काही देणंघेणं नाही. आणि त्यांचं दुखणं वाढलं! म्हणजे 'औषध घेतलं' या अपेक्षेने त्यांच्या मेंदूत खरंखुरं रसायन सुटलं होतं, आणि ते अडवल्यावर आराम गेला. याला मनाचे खेळ म्हणणार कसं?

याची दुसरी बाजू त्याहून बोलकी आहे. इटलीत फाब्रिझिओ बेनेदेत्ती यांच्या गटाने शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांना वेदनाशामक दोन प्रकारे दिलं. काहींना समोर उभं राहून, 'आता इंजेक्शन देतेय' असं सांगून. काहींना पडद्यामागच्या पंपातून, कधी दिलं ते कळू न देता. औषध तेच, मात्रा तीच, पण न सांगता दिलेल्याचा परिणाम कमी. २०११ मध्ये उलरिके बिंगेल यांनी निरोगी लोकांवर रेमिफेंटानिल हे जोरकस वेदनाशामक वापरलं. 'आता औषध बंद केलंय, दुखेल' असं सांगितल्यावर ते चालू असूनही त्याचा परिणाम जवळजवळ पुसला गेला.

आणि काकूंच्या रिपोर्टबद्दल. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांची स्कॅन पाहिली गेली. विशीतल्या ३७ टक्के लोकांत मणक्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत. स्कॅनमध्ये झीज असून दुखत नाही, आणि दुखतं पण स्कॅन स्वच्छ, हे दोन्ही सर्रास घडतं. दुखण्याचा फोटो अजून कुठलंच यंत्र काढत नाही. वेदना अभ्यासणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपणांत स्पष्ट लिहिलं की माणूस दुखतंय म्हणतो त्याचा मान राखला पाहिजे. काकूंचं दुखणं खरं आहे, हे घरातल्यांना सांगायला यापेक्षा भक्कम आधार नाही.

---

उंबरठा

मी भूलतज्ज्ञ आहे. धाग्याबद्दल मनापासून आभार. शर्वरीताईंनी प्रयोग सांगितले, मी ऑपरेशन थिएटरच्या बाजूने थोडं लिहितो.

दुखणं थांबवण्याच्या आमच्या बहुतेक पद्धती त्याच वाटेवर कुठे ना कुठे अडसर घालतात. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनसारखी औषधं अगदी सुरुवातीला, जखमेपाशी काम करतात. इजा झालेल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन बनवतात, त्यांच्यामुळे तंतूंची टोकं हळवी होतात. ही औषधं ते बनणंच रोखतात. जॉन व्हेन यांनी हे १९७१ मध्ये दाखवलं, १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. ॲस्पिरिन त्याआधी सत्तरेक वर्षं वापरात होतं, ते काम कसं करतं हे माहीत नसताना! लिडोकेनसारखी जागेवरची भूल तंतूतल्या सोडियम वाहिन्या (ज्या दारांतून सोडियम आत येऊन संदेश पुढे जातो ती) बंद करते, संदेश पुढे सरकतच नाही. मॉर्फिन मज्जारज्जूत आणि मेंदूत काम करतं. पण तेच रिसेप्टर श्वासाचा ताल सांभाळणाऱ्या पेशींवरही असतात आणि आतड्यांतही. म्हणून जास्त मात्रेने श्वास मंदावतो, आणि साध्या मात्रेनेही बद्धकोष्ठ होतं. हे दुष्परिणाम काही भेसळीतून येत नाहीत, ते त्याच किल्लीने उघडलेले दुसरे दरवाजे आहेत.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजात बाळांवर अगदी अपुऱ्या भुलीत शस्त्रक्रिया होत. स्नायू शिथिल करायचं औषध द्यायचे, म्हणजे बाळ हलायचं नाही, आणि वेदनाशामक जेमतेम किंवा नाहीच. समज असा, की बाळांची मज्जासंस्था कच्ची, त्यांना दुखणं जाणवत नाही. आणि भूल त्यांना झेपणार नाही. ऑक्सफर्डमध्ये कंवलजीत आनंद यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या दोन गटांची तुलना केली. नेहमीच्या भुलीला फेंटानिल या अफूवर्गातल्या वेदनाशामकाची जोड दिलेल्या बाळांत ताणाची संप्रेरकं कितीतरी कमी वाढली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी झाली. हे १९८७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि जगभरची पद्धत बदलू लागली. आज मी तान्ह्या बाळाला भूल देतो तेव्हा वेदनाशामकाची मात्रा पुन्हा एकदा तपासतो. जे बाळ सांगू शकत नाही, त्याचं दुखणं आपणच मोजायचं असतं.

---

पाणकणीस

@उंबरठा, शेवटचा परिच्छेद वाचून सुन्न झाले. १९८७ म्हणजे काही फार जुनी गोष्ट नाही.

---

कोरा_कागद

मी जनुकशास्त्रात पीएचडी करतोय, म्हणून सोडियम वाहिन्यांवर जरा बोलतो.

२००६ मध्ये केंब्रिजच्या जेफ वूड्स यांच्या गटाने उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवात एका मुलामुळे झाली होती. तो रस्त्यावर खेळ करायचा, हातातून सुऱ्या आरपार घालायचा, निखाऱ्यांवर चालायचा. त्याला दुखतच नव्हतं. संशोधक त्याची तपासणी करू शकण्याआधीच छतावरून उडी मारल्याने त्याचा मृत्यू झाला, चौदावा वाढदिवसही आला नव्हता. त्याच्या नात्यातल्या मुलांमध्ये एससीएन९ए हे जनुक निकामी असल्याचं दिसलं. हे जनुक एनएव्ही१.७ ही सोडियम वाहिनी बनवतं. या मुलांना स्पर्श, थंड-गरम, सगळं कळायचं, फक्त दुखायचं नाही. त्यांच्या ओठांना, जिभेला चावून चावून झालेल्या जखमा होत्या, आणि हाडं मोडलेली कुणाच्या लक्षातच आलेली नव्हती. दुखणं नसणं हे वरदान नाही, हे त्या मुलांकडे पाहून कळतं. आणि याच जनुकात उलटा बिघाड झाला की हातपाय लाल होऊन आग आग होते, अशा आजाराचं मूळ चीनमधल्या संशोधकांनी २००४ मध्येच दाखवलं होतं.

साहजिकच सगळे एनएव्ही१.७ बंद करणाऱ्या औषधामागे लागले. बरीच वर्षं गेली, चाचण्यांत निराशा हाती आली. पण तिची भावंडवाहिनी एनएव्ही१.८ अडवणारं सुझेट्रिजीन जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते मेंदूतल्या अफूवर्गाच्या रिसेप्टरना शिवतही नाही. माझ्या मते गेल्या कित्येक दशकांतली या क्षेत्रातली सर्वांत मोठी घटना ही.

---

उंबरठा

@कोरा_कागद, माहिती उत्तम, पण 'सर्वांत मोठी घटना' याला माझी सहमती नाही. मंजुरी फक्त तात्कालिक दुखण्यासाठी आहे, म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचं वगैरे. चाचण्यांत ते प्लासिबोपेक्षा सरस ठरलं, हायड्रोकोडोन (अफूवर्गातलं औषध) आणि पॅरासिटामॉलच्या जोडगोळीपेक्षा नाही. व्यसनाचा धोका टाळणारं औषध म्हणून मी त्याचं स्वागतच करतो. पण वर्षानुवर्षं दुखणाऱ्यांच्या आशा आत्ताच उंचावू नयेत.

---

कोरा_कागद

मान्य, जुनाट दुखण्याबाबत अजून वाट पाहायला हवी. पण जनुकापासून सुरुवात करून, नेमकी वाहिनी हेरून गोळीपर्यंत पोहोचता येतं हे सिद्ध झालं, त्याचं मोल मी कमी लेखणार नाही.

---

रानजाई

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. मला नागीण होऊन गेली. फोड सुकले, त्वचा आता बघणाऱ्याला स्वच्छ दिसते. पण बरगडीच्या त्या पट्ट्यावर सुती कापडाची शिवण घासली तरी आग होते. वाऱ्याची झुळूक लागली तरी. आणि गंमत अशी की तळहाताने घट्ट दाबून धरलं तर जरा सुसह्य होतं. हलका स्पर्श असह्य आणि दाब बरा, हे कुणाला समजावून सांगता येत नाही. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा काडीचाही उपयोग होत नाही. यामागे काय असतं?

---

शर्वरी_क

@रानजाई, लिहिलंत हे फार बरं केलंत. तुम्ही केलेलं वर्णन पुस्तकात घालावं इतकं नेमकं आहे.

नागिणीचा विषाणू मज्जारज्जूलगतच्या चेतापेशींच्या गाठींत दबा धरून असतो आणि जागा होतो तेव्हा त्या तंतूंनाच इजा करतो. जखमी तंतू कारण नसताना संदेश सोडत राहतात. तो मारा सतत झाला की मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच हळव्या होतात. हे क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये दाखवलं. अशा वेळी ए-बीटा तंतूंतून आलेला साधा स्पर्शही दुखण्याच्या वाटेवर चढतो. वर मी लिहिलं की स्पर्श दुखण्याला थोपवतो. इथे तो बंदोबस्तच ढिला पडलेला असतो. कापडाची शिवण भाजते ती यामुळे.

साध्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिनवर काम करतात, आणि तुमच्या दुखण्याचं मूळ तिथे नाहीच. म्हणून अशा वेळी गॅबापेन्टिन किंवा प्रीगॅबालिन देतात, ती चेतापेशींतल्या कॅल्शियम वाहिन्यांच्या एका भागावर बसून संदेशाचा जोर कमी करतात. किंवा कमी मात्रेत ॲमिट्रिप्टिलिन. ते नैराश्याचं औषध आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. मेंदूतून खाली येणाऱ्या त्या थोपवणाऱ्या वाटेला ते बळ देतं. लिडोकेनची पट्टी असते. आणि ८ टक्के कॅप्सायसिनची पट्टीही असते, ती दवाखान्यातच लावतात. टीआरपीव्ही१ वर इतका मारा होतो की तिथली तंतूंची टोकं काही आठवडे मागे सरतात. तुम्हाला यातलं कुठलं योग्य हे तुमचे डॉक्टरच ठरवतील, पण प्रत्येकाला प्रत्येक औषध लागू पडत नाही आणि मात्रा हळूहळू वाढवावी लागते, एवढं लक्षात असू द्या. आठवड्यात फरक पडला नाही म्हणून सोडून देऊ नका.

---

उंबरठा

+१. आणि नागिणीची लस आता उपलब्ध आहे. पन्नाशीपुढच्यांनी आपल्या डॉक्टरांना तिच्याबद्दल जरूर विचारावं. हे दुखणं उपचारापेक्षा टाळणं कितीतरी सोपं.

---

भिंगरी

माझ्या आधीच्या प्रतिसादाला दिलेल्या उत्तराबद्दल शर्वरीताईंचे आभार. काकूंना वाचून दाखवलं.

आता डोकेदुखीचं सांगा. माझी बहीण जवळजवळ रोज गोळी घेते आणि तरी डोकं दुखतंच.

---

उंबरठा

@भिंगरी, 'तरी' नव्हे, कदाचित 'म्हणूनच'. महिन्यातले पंधरा किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या, किंवा दहा दिवस ट्रिप्टान (अर्धशिशीच्या गोळ्या) अथवा मिश्र गोळ्या, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडते. ती ओळखलीच जात नाही, कारण दुखलं की हात पुन्हा गोळीकडेच जातो. बहिणीला रोजची नोंद ठेवायला सांगा, कधी दुखलं, काय घेतलं. ती घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळ्या सोडताना सुरुवातीला दुखणं वाढतं, म्हणून देखरेखीखाली सोडाव्यात. अर्धशिशी असेल तर सीजीआरपी या प्रथिनाला अडवणारी औषधं २०१८ पासून आहेत, ती दुखणं येऊच नये म्हणून देतात.

आणि पॅरासिटामॉल साधं म्हणून कितीही घेऊ नये. निरोगी प्रौढाला दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही ते असतं आणि नकळत बेरीज वाढते. त्याचा घाव थेट यकृतावर बसतो.

---

कोरा_कागद

एक भर. अनेक दशकं वेदनेचे प्रयोग बहुतांशी नर उंदरांवरच झाले. २०१५ मध्ये जेफ्री मोगिल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चेतातंतूंच्या इजेनंतर मज्जारज्जूत दुखणं टिकवून ठेवणाऱ्या पेशी नरांत आणि माद्यांत वेगळ्या असतात. नरांत मायक्रोग्लिया (मज्जासंस्थेतल्या संरक्षक पेशी), माद्यांत बहुधा टी पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी). जुनाट दुखणं बायकांमध्ये जास्त आढळतं आणि औषधांचा पाया मात्र नर उंदरांवर घातलेला. मला हे फार खटकतं. आता दोन्हींवर प्रयोग करायचा आग्रह वाढलाय.

---

रानजाई

@शर्वरी_क, पुढच्या आठवड्यात वेळ घेतलीय. डॉक्टरांना काय सांगू? समोर बसलं की 'दुखतं' यापलीकडे शब्दच सुचत नाहीत.

---

शर्वरी_क

@रानजाई, इथे लिहिलंत तेच सांगा: शिवण, झुळूक, घट्ट दाबल्यावर बरं वाटणं. जळजळ, मुंग्या, विजेसारखा झटका, बधिरपणा हे शब्द ऐकले की डॉक्टरांचं लक्ष चेतातंतूंकडे जातं. ठणका आणि सूज म्हटलं की दाहाकडे. शून्य ते दहा आकडा विचारतील, तो द्या, पण त्याबरोबर काय करता येत नाही हेही सांगा: झोप किती वेळा मोडते, कुठल्या कुशीवर वळता येत नाही, कुठला कपडा घालता येत नाही. आधी कुठली गोळी किती दिवस घेतली तेही लिहून न्या.

आणि काकूंसाठी, @भिंगरी: कंबरदुखीसोबत लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, पायातली शक्ती कमी होणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. ताप किंवा विनाकारण घटणारं वजन असेल तरी तपासणी लवकर करून घ्या. यातलं काहीच नसेल तर अंथरुणात पडून राहण्यापेक्षा झेपेल तेवढं हलणं-चालणं चांगलं. थोडं दुखलं म्हणजे आत काही मोडतंय असं नसतं.

---

रानजाई

लिहून घेतलं. डॉक्टर काय म्हणतात ते इथेच कळवते.